कठड्याआड तापी

नागपंचमी सरली की आमच्या घरी गहू निवडायला घेतात. यंदा गव्हाबरोबर वादही निघाला. माझी बायको सुनंदा सूप मांडीवर ठेवून म्हणाली, "आहो, सोमवारले कानबाई कोठे जाई, ते आधी सांगा. मंग मी दळण टाकसू."

"नदीमा. आखो कोठे?"

"नदीमा ते मालेबी माहीत शे. कोणता रस्तानी?"

मी चष्मा पुसत बसलो. एरवी कुणी रस्ता, अंतर, उतार विचारला तर मला फार वेळ लागत नाही. ठिबक सिंचनाचे आराखडे करून देणं हा माझा धंदा. पपई असो, केळी असो, मी आधी शेताचा उतार बघतो, कारण पाणी आपल्या इच्छेप्रमाणे चालत नाही. आणि इथे माझ्याच ओट्यावरून दिसणाऱ्या तापीपर्यंत कसं जायचं, हे मला सांगता येईना. नदी होती तिथेच आहे. वाट मात्र सुशोभित झाली आहे.

कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी सकाळी नदीत जाते. नारळाला डोळे, नथ, मणी लावून तिचा चेहरा करायचा, सव्वाच्या मापानं गहू घेऊन रोट करायचे, ते भाऊबंदांनीच खायचे आणि संपवायचे. बाकी प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी. आमच्या घरची दोन बाबतींत फार कडक. देवीचा पाट एकदा डोक्यावर घेतला की पाण्यापर्यंत तो जमिनीला टेकवायचा नाही. आणि देवी गेल्यावर पाट रिकामा घरी आणायचा नाही. नदीतली वाळू त्यावर भरून आणायची आणि घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत टाकायची. देवी गेली तरी घर रिकामं वाटू नये, असं माय म्हणायची.

माय, म्हणजे माझी आई, गेल्या वर्षीच्या आषाढात गेली. त्यामुळे मागच्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसलीच नाही. यंदा घरातली मोठी बाई म्हणून सुनंदा ती पहिल्यांदा मांडणार होती. मायच्या वेळी झालं ते आपल्या वेळी चुकलं, असं तिला कुणाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. खरं तर बाहेरून कुणी ते बोललंही नसतं. तिला स्वतःलाच ते ऐकू आलं असतं, आणि ते जास्त वाईट.

आमचं लग्न झालं त्या वर्षीचा श्रावण मला दर श्रावणात आठवतो. तेव्हा आमची कानबाई जिनच्या धक्क्यावरून जायची. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, आणि धक्का म्हणजे त्याच्या आवारातून थेट नदीत उतरणारा दगडी उतार. पूल झाला नव्हता तेव्हा कापसाच्या गाठी ह्या उतारावरून नावेत चढायच्या आणि पलीकडे जायच्या, असं वडील सांगत. मी पाहिलं ते पूल झाल्यानंतरचं. नावा गेल्या होत्या, गाठी ट्रकने जात होत्या, पण उतार होता. त्याचे दगड मुद्दाम खडबडीत ठेवलेले होते, ओल्या पायाचा बैल घसरू नये म्हणून. बैलासाठी केलेल्या त्या सोयीवर पुढे सगळ्या गावाचे पाय टेकले.

जिनचा हंगाम दिवाळीनंतरचा. श्रावणात तिथे काही चालत नसे. पत्र्याच्या लांबलचक शेडवर पाऊस वाजत राहायचा. भिंतीच्या कडेला सांडलेली सरकी रुजून कपाशीची झाडं उभी राहायची, कुणी न पेरलेली. आवारात पाऊल टाकलं की कुबट, तेलकट, थोडा गोडसर असा भिजलेल्या सरकीचा वास नाकात शिरायचा. मला तो वास अजून श्रावणाचा वाटतो. फुलांचा वगैरे वास मला आठवत नाही.

फाटकावर दुरसिंग असायचा. तोरणमाळकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी, जिनचा राखणदार. तो मालकाचा माणूस आणि आवार मालकाचं, तेव्हा आम्हाला आत सोडायचं त्याला काहीच कारण नव्हतं. पण एरवीही तो अडवत नसे, आणि कानबाईच्या सोमवारी तर पहाटेपासून फाटक सताड उघडं टाकून तो घोंगडी पांघरून शेकोटीवर मक्याची कणसं भाजत बसलेला असायचा. आम्ही त्या वर्षी उशिरा पोहोचलो. माय पुढे, डोक्यावर पाट. मागे नवी नवरी सुनंदा, हिरव्या साडीत, चिखल चुकवत.

दुरसिंग म्हणाला, "बाई, आज उशीर. नदी सकायपासून वाट दखी ऱ्हायनी."

माय मान न हलवता म्हणाली, "तिले सांग, नवी सून शे. नटाले येळ लागना."

सगळ्या बाया हसल्या. सुनंदा इतकी लाजली की तिचं उताराकडे लक्षच राहिलं नाही. ती ब्राह्मणपुरीची, शेतमळ्यात वाढलेली. एवढं वाहतं पाणी इतक्या जवळून तिनं पाहिलं नव्हतं. पाण्याच्या काठावर तिचा पाय सरकला. मायने एका हाताने डोक्यावरचा पाट धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने सुनंदाचं मनगट पकडलं. दोन्ही सांभाळलं. नंतर माय गुडघाभर पाण्यात उतरली, कानबाई सोडली आणि वाकून दोन्ही हातांच्या ओंजळीने वाळू काढली. गढूळ पाण्यातून वर आलेली ती वाळू पाटावर ठेवली तेव्हा तिच्यातून पाणी निथळत होतं. सुनंदा अजून म्हणते, माय रागावेल असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "नदीले पाय लागना तुन्हा. बरं झायं." नदीला पाय लागला ते चांगलंच, असा त्याचा अर्थ.

त्यानंतर काही वर्षांनी जिन बंद पडलं. यंत्रं भंगारात गेली, शेडचे पत्रे गेले, दुरसिंग डोंगरात परत गेला. फाटकाचं एक दार कुणीतरी उचलून नेलं आणि दुसरं गंजून उघडंच राहिलं. आवारात बाभळी माजल्या. तरी दर श्रावणात आम्ही काटे बाजूला करत धक्क्यावर जायचो.

मग त्या जागेवर नदीकाठचं उद्यान होणार, अशी बातमी आली. मला आनंद झाला, हे इथे स्वच्छ लिहिलं पाहिजे. पडीक आवारापेक्षा बाग केव्हाही बरी. संध्याकाळी बसायला जागा होईल, बायकांना फिरता येईल, मुलांना खेळता येईल. मी उद्यानाच्या विरुद्ध नव्हतो आणि आजही नाही. माझं भांडण वेगळं आहे.

पंचायतीत नकाशा लावला होता, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. सुंदर रंगीत नकाशा. हिरवळ हिरवी, पायवाटा तांबड्या, झाडं गोल गोल. नदी म्हणजे कडेला ओढलेली निळी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची. मी नकाशा समजावणाऱ्या साहेबांना विचारलं, "ही नदी कोणत्या महिन्यातली?"

"म्हणजे?"

"उन्हाळ्यातली की श्रावणातली? पाण्याची पातळी कोणती धरली?"

"ते डिझायनरने धरलेलं असणार."

"आणि हा धक्क्याचा उतार दिसत नाही."

त्यांनी बोटाने शोधलं. "तिथे आता संरक्षक भिंत आणि स्टीलचा कठडा. ते दगड मोडकळीला आलेले होते. सुरक्षिततेचा प्रश्न आहे, काका. कोणी घसरलं तर?"

"खडबडीत दगड आहेत, साहेब. घसरू नये म्हणूनच तसे लावलेत. बाया तिथूनच नदीत उतरतात."

"नदी दिसणार आहे ना पण! अख्खा व्ह्यू मोकळा ठेवलाय."

मी म्हणालो, नदी दिसते ती माझ्या गच्चीवरूनही. त्यांनी मान हलवली आणि माझी सूचना नोंदवून घेतली आहे असं सांगितलं. नोंदवून घेतलेल्या सूचनेचं पुढे काय होतं हे मी एवढ्या वयात शिकायला हवं होतं. मी घरी येऊन सुनंदाला म्हटलं, सांगितलंय, करतील काहीतरी. त्यांनी केलंच.

आता तिथे काय काय आहे ते ऐका. पेव्हर ब्लॉकचा चालायचा ट्रॅक आहे. व्यायामाची यंत्रं आहेत. संगीताच्या तालावर उडणारं कारंजं आहे. गावावर प्रेम असल्याची मोठमोठी अक्षरं आहेत, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढायचा. आणि हिरवळीवर, बरोबर जुन्या धक्क्याच्या डोक्याशी, फायबरची एक नाव आहे. तिच्यात फायबरचा नावाडी वल्हं धरून बसला आहे. त्याचं तोंड कारंज्याकडे. त्याच्या पाठीमागे काही पावलांवर खरी तापी वाहते. तिथे खरी नाव लागेल अशी एकही जागा ह्या लोकांनी ठेवली नाही. मधे छातीएवढा कठडा. मी तो नावाडी पहिल्यांदा बघितला तेव्हा हसलो होतो. आता त्याच्याकडे बघितलं की डोकं तापतं.

ह्या सगळ्यात मला सर्वांत जास्त कशाचा वैताग येत असेल तर तो एका साध्या गोष्टीचा. जिन खाजगी होतं, तेव्हा आम्ही रोज नदीवर जात होतो. म्हशी जात होत्या, धुणी जात होती, देवी जात होती. मालकाला आमच्याबद्दल प्रेम होतं असं नाही. त्याला फक्त आम्हाला अडवायची गरज वाटली नव्हती. मग ती जागा सार्वजनिक झाली, म्हणजे कागदोपत्री आमची झाली, आणि फाटकाला कुलूप लागलं. पाहुण्यांची तारीख मिळत नाही म्हणून लोकार्पण अडलंय. लोकांना अर्पण होईपर्यंत लोकांनी आत यायचं नाही.

"प्रकाशाले जाऊत का मंग?" मी सुनंदाला विचारलं. प्रकाशा हे तापीकाठचं तीर्थ, तिथे घाट आहेत.

"गाडीवर? डोकावर पाट लिसनी?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बंद केला.

शनिवारी वरच्या अंगाला भरपूर पाऊस झाला. तापी फुगली, त्या निळ्या पट्टीतून बाहेर पडली आणि संरक्षक भिंतीवरून उद्यानात फिरून गेली. रविवारी पाणी उतरलं. आमच्याकडे कानबाई बसली. पुरण, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, रोट, सगळं रीतीप्रमाणे. सुनंदाने नारळाची नथ दोनदा काढून पुन्हा घातली, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. सुनंदाच्या डोक्यावर पाट, बरोबर माझ्या चुलतभावाची बायको रत्नावहिनी, मागे भाऊबंदांच्या बाया, पुढे डफवाला. मी स्कूटर ढकलत मागे, कारण नारळ-फुलांच्या पिशव्या तिच्यावर होत्या. फाटकाला कुलूप. आत माणसं पाइपने ट्रॅक धूत होती. सुपरवायझर बाहेर आला. तरुण मुलगा, शर्ट खोचलेला, शहाण्या मराठीत बोलणारा.

"काका, आज बंद आहे. पाणी वर आलं होतं, सगळा चिखल झालाय. शिवाय लोकार्पण बाकी आहे. पाहुण्यांची तारीख मिळाली की उघडेल."

रत्नावहिनी पुढे झाल्या. "तुम्हना पाहुणाले तारीख भेटी नही ऱ्हायनी. आम्हनी पाहुणीनी तारीख आजच शे. दख, डोकावर बठेल शे."

मुलगा गडबडला. "विसर्जनासाठी कारंज्याची टाकी वापरा ना. पाणी स्वच्छ आहे. पाइपने बाहेर देतो हवं तर."

"आनी वाळू?" सुनंदाने विचारलं. तिला मान वळवता येत नव्हती, ती सरळ समोर बघत बोलत होती.

"मुलांच्या खेळायच्या जागेत आहे की. ट्रकने आणलीय, नवी, चाळलेली."

"कोणती नदीनी?"

"ते ठेकेदाराला माहीत."

पाट खाली ठेवता येत नव्हता, परत फिरता येत नव्हतं. भुरभुर पाऊस सुरू झाला. तिची मान अवघडली तेव्हा रत्नावहिनींनी डोकं डोक्याला भिडवून पाट अलगद आपल्यावर घेतला. मग दुसरीने, मग तिसरीने. तेवढ्यात खालच्या आळीची कानबाई आली, मग पलीकडच्या गल्लीची. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. फाटकासमोर देव्यांची रांग लागली. डफ वाजत होता, पोरी फुगड्या घालत होत्या, आणि मुलगा साहेबांना फोन लावत होता. साहेब उचलत नव्हते.

रत्नावहिनी त्याला म्हणाल्या, "भाऊ, तुन्ही माय कोठली रे?"

"अमळनेर."

"मंग आज तिनी कानबाई टाकीमा जाई ऱ्हायनी का?"

त्याने फोन खिशात टाकला. "नही हो, मावशी," तो म्हणाला. त्याची शहाणी मराठी कुठे गेली कुणास ठाऊक. "नदीमाच जाई ऱ्हायनी. तशी रीत शे." आणि त्याने किल्ली काढली. "पण लवकर करा. मन्ही नोकरी शे."

आत गेलो. धक्का होता तिथे पोहोचलो आणि कठड्यापाशी थांबलो. पलीकडे पाणी भिंतीच्या वरच्या काठाखाली हातभर. इतकं जवळ, आणि छातीएवढ्या स्टीलच्या पलीकडे. पाट आता परत सुनंदाच्या डोक्यावर होता. ती वळली, तिने माझ्याकडे बघितलं.

मी आयुष्यात सरकारी वस्तूला हात लावलेला नाही. शेतातलं काम करतानाही दुसऱ्याच्या बांधावरचा दगड हलवत नाही. पण कठडा बोल्टवर बसवलेला होता आणि माझ्या स्कूटरच्या डिकीत पाना असतो. मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "काका, मी मोटर बंद करी येस," आणि पाठ फिरवून चालू लागला. मी एक भाग सोडवला. बोल्ट रुमालात बांधून खिशात ठेवले, परत लावताना एकही कमी पडू नये म्हणून.

सुनंदा गुडघ्यांवर बसली. रत्नावहिनींनी तिच्या कमरेला धरलं. पाट पाण्याला टेकला, कानबाई सुटली, थोडी गोल फिरली आणि धारेला लागली. बाया जोरात गाऊ लागल्या. सुनंदाने हात खाली घातला, मग खांद्यापर्यंत घातला. भिंत सरळ उभी, तिच्या पायथ्याशी खोल पाणी. उतार असता तर वाळू हाताला लागली असती. हात वर आला तो रिकामा, नुसता भिजलेला. तिने पुन्हा घातला. पुन्हा रिकामा. ती तशीच बसून राहिली, रिकामा पाट मांडीवर. गाणं हळूहळू थांबलं.

मला त्या क्षणी नकाशातली ती निळी पट्टी फाडून टाकावीशी वाटली.

मागे फावडं घासल्याचा आवाज येत होता. ट्रॅक धुणारा एक जण ओला ढीग कडेला ओढत होता. सुनंदाने मान वळवली.

"दादा, ते काय शे?"

"वाळू, बाई. शनवारले नदी वर चढनी ना, तीच टाकीसनी गयी. सकायपासून काढी ऱ्हायनू, सरतच नही."

सुनंदा उठली. फायबरच्या नावाड्याच्या पायाशी त्या ढिगाजवळ फतकल मारून बसली आणि दोन्ही हातांच्या ओंजळीने पाट भरू लागली. बारीक, काळसर, अजून ओली वाळू. त्या माणसाने फावडं बाजूला ठेवलं आणि पाइप गुंडाळला. मागच्या देव्या एकेक करून पाण्याकडे गेल्या आणि त्यांच्या बाया एकेक करून ढिगाकडे आल्या. "हाऊ ट्रॅक बाया साफ करी देतीन," रत्नावहिनी म्हणाल्या, आणि सुनंदा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. भरलेला पाट तिने स्वतः उचलला. कुणाला हात लावू दिला नाही.

मी बोल्ट परत बसवले, घट्ट केले, एकेक तपासून पाहिला. संध्याकाळी सुनंदाने घराच्या प्रत्येक कोपऱ्यात वाळू टाकली. मायच्या खोलीत जरा जास्त.

मंगळवारी ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी कठड्याला वेल्डिंग केलं. मी एकच भाग सोडवला होता, त्यांनी अख्खा कठडा जोडून टाकला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी पंचायतीत गेलो. कठड्याला एक लहान दार ठेवा, खाली खडबडीत दगडाच्या पायऱ्या करा, हवं तर कुलूप लावा, पण किल्ली गावात ठेवा, एवढंच मागितलं. उताराचं माप आणि श्रावणातली पाण्याची पातळी भिंतीवरच्या ओल्या खुणेवरून काढून दिली. माझी सूचना नोंदवून घेतली आहे.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती कोपऱ्यातली वाळू झाडूपासून वाचवत केर काढत होती. "मंग पुढला साल?" तिने विचारलं.

मी कायदा पाळणारा माणूस आहे. दाराची वाट बघणार आहे, दर महिन्याला जाऊन विचारणार आहे. पण वेल्डिंग कापायचा कटर भाड्याने कुठे मिळतो, हेही येताना विचारून आलो आहे.